दादाचा अपघात आणि दुधाची बिलं

टेंभुर्णीजवळ मालट्रकनं दादाला उडवलं. तेराव्यालाच ट्रकमालकाचा माणूस २ लाख आणि स्टॅम्पपेपर घेऊन दारात. वहिनीला सही करू दिली नाही, एवढं शहाणपण तेव्हा कसं सुचलं कोण जाणे.

एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या नकला घेतल्या. ट्रकच्या नंबरावरून एमपरिवहन ॲपवर विम्याची मुदत कळली. कायद्यात दाव्याला ६ महिने. अपघात सोलापूर जिल्ह्यातला, पण आपण राहतो तिथेही अर्ज चालतो. म्हणून साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली केला.

घोडं अडलं उत्पन्नावर. म्हशी सांभाळणाऱ्याकडे पगारपत्रक कुठलं? वकील म्हणाले, अंदाजे धरतील. मी डेअरीची तीन वर्षांची बिलं आणि बँक पासबुक जोडलं, डेअरीच्या सचिवांची साक्ष लावली. मग भरपाईचा हिशेब सरळ: वय ३८, स्वतःचा धंदा, म्हणून वार्षिक उत्पन्नात ४० टक्के भावी वाढ, अवलंबून चौघं, म्हणून पाव हिस्सा वजा, उरलेल्याला वयाप्रमाणे १५ नं गुणायचं. लोकअदालतीत विमा कंपनीनं आकडा सांगितला, तेव्हा हाच कागद पुढे ठेवला. आकडा दोनदा वाढला, मग वहिनीनं सही केली. मुलांचा वाटा मुदत ठेवीत आहे.