रंकाळ्याच्या चिखलातली वस्ती बाटलीत कशी वाढवावी

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याच्या काठाला जिथं केंदाळ कुजतं, तिथला चिखल काळा असतो, कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. जीवाणू एकमेकांच्या आधारानं कसे राहतात हे शिकवायला मला त्याहून चांगलं साहित्य सापडलेलं नाही. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात असा चिखल पारदर्शक भांड्यात भरून त्यातले जीवाणू वाढवायची रीत काढली. आमच्या आठवीच्या पोरांना ती घरी जमते.

हातमोजे घाला आणि चिखल, पाणी दोन्ही तळ्यातलंच घ्या. खडे, काड्या काढून टाका. एक लिटरची पारदर्शक बाटली पुरते. तिसऱ्या हिश्श्याच्या चिखलात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून तो तळाशी भरा. घरात अंडं चालत नसेल तर कुंभार गल्लीतून चमचाभर प्लास्टर ऑफ पॅरिस आणा, गंधक त्यातही असतो. वर साधा चिखल भरा, बाटली हलकेच आपटून बुडबुडे घालवा. त्यावर दोन बोटं पाणी, थोडी मोकळी जागा, आणि झाकण सैल. भरपूर उजेडाच्या पण कडक ऊन नसलेल्या खिडकीत ठेवा आणि हलवू नका.

रंग नीट दिसायला दीड-दोन महिने लागतात. तळाशी क्लोस्ट्रिडियमसारखे जीवाणू कागद फोडतात. त्यातून सुटलेल्या आम्लांवर डिसल्फोव्हिब्रिओ नावाचे जीवाणू जगतात. ते श्वासाला प्राणवायूऐवजी सल्फेट हे गंधकाचं संयुग वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. तो लोहाला भेटला की चिखल काळा पडतो. बहुतेक जीवांना हा वायू विषारी, पण हिरव्या आणि जांभळ्या गंधक-जीवाणूंचं प्रकाशसंश्लेषण त्याच्यावरच चालतं. हिरव्यांना तो जास्त सोसतो, म्हणून ते खाली, जांभळे त्यांच्यावर. सगळ्यात वर नीलहरित जीवाणू प्राणवायू तयार करतात. गंधकाचा वायू खालून वर येतो, प्राणवायू वरून खाली जातो, आणि ज्याला जे प्रमाण मानवतं तिथं तो वाढतो. ही जागावाटणी कुणी करून दिलेली नसते, याचं मला दरवर्षी नव्यानं नवल वाटतं.

जमलं तर सुरुवातीलाच निम्म्या बाटलीला, वरपासून खालपर्यंत, काळा कागद गुंडाळा. दोन महिन्यांनी काढून दोन्ही बाजू ताडून पाहा: अंधारातल्या बाजूला काळा थर असेल, हिरवा-जांभळा रंग मात्र जवळपास नसेलच. बाटली उघडायची झाली तर अंगणात, मोकळ्या हवेत उघडा.