पीएमएसएम (कायम चुंबकाची सिंक्रोनस मोटर) सिम्युलेशन: मोटर वेगात आली की आयडी करंट डुलतो? कोन थोडा पुढे न्या

व्हेक्टर कंट्रोल म्हणजे मोटरचा करंट रोटरच्या कोनानुसार दोन भागांत सांभाळणं: आयडी (डी अक्षावरचा, फ्लक्सचा) आणि आयक्यू (क्यू अक्षावरचा, टॉर्कचा). सिम्युलेशनमध्ये तो लोण्यासारखा चालतो, पण खऱ्या बोर्डवर वेग वाढला की आयक्यू बदलताच आयडीही हेलकावे खातो. लोक पीआय गेन (करंट कंट्रोलरचे गुणक) बदलत दिवस घालवतात. बहुतेक वेळा मॉडेलमध्ये उशीरच धरलेला नसतो. कंट्रोलर आत्ता करंट मोजतो, पण त्यावरून काढलेलं व्होल्टेज पुढच्या पीडब्ल्यूएम सायकलमध्ये (इन्व्हर्टरचे स्विच चालू-बंद करण्याच्या चक्रात) लागू होतं. तोवर रोटर पुढे सरकलेला असतो.

१. कंट्रोलर पीडब्ल्यूएमच्याच सॅम्पल टाइमवर चालवा (१० किलोहर्ट्झ असेल तर १०० मायक्रोसेकंद). मोटर आणि इन्व्हर्टर मात्र १ मायक्रोसेकंदाच्या स्टेपवर.

२. ड्यूटीच्या (स्विच सायकलचा किती भाग चालू राहील त्या प्रमाणाच्या) वाटेत एक युनिट डिले, म्हणजे एका सॅम्पलचा उशीर, टाका. आता बोर्डवरचे हेलकावे स्क्रीनवरही दिसू लागतील. ते दिसायलाच हवेत.

३. इन्व्हर्स पार्कला (डी-क्यू व्होल्टेज परत स्थिर अक्षांवर नेणाऱ्या गणिताला) जाणाऱ्या कोनात १.५ × इलेक्ट्रिकल वेग × सॅम्पल टाइम मिळवा. एक सॅम्पल उशिराचा, अर्धा व्होल्टेज सायकलभर धरून ठेवल्याचा.

४ पोल-जोड्यांची मोटर ३००० आरपीएमवर घ्या. इलेक्ट्रिकल वारंवारता २०० हर्ट्झ (३००० ÷ ६० × ४), म्हणजे एका सॅम्पलला ७.२ अंश, दीडला १०.८. एवढा कोन चुकला तर डी आणि क्यू अक्ष एकमेकांत मिसळणारच.

सांभाळा: ही भर फक्त इन्व्हर्स पार्कला. करंटच्या पार्कला (मोजलेला करंट डी-क्यूमध्ये नेणाऱ्या गणिताला) मोजणीच्या क्षणाचाच कोन द्या. आणि वेग चिन्हासकट घ्या, नाहीतर मोटर उलटी फिरताना चूक दुप्पट होते.