आमवात असताना कोरोनाची लस: आधी गोळ्यांचे वेळापत्रक बसवा

रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, नंबर लागायची वाट बघताना शेजारी बसलेली माणसे लसीबद्दल बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: "सुई घेतली आणि सांधे पुन्हा उसळले तर?" भीती रास्त आहे. आपली प्रतिकारशक्ती आधीच आपल्याच सांध्यांवर उलटलेली. तिला आणखी डिवचायचे कशाला, असे वाटणारच. मलाही रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, आहे. रविवारी रात्री प्रतिकारशक्तीला आवर घालणारी मेथोट्रेक्सेटची गोळी, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि बोटे फारच आखडली तर डॉक्टरांनी ठरवून दिलेले थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, असा माझा क्रम आहे. लसीच्या प्रत्येक डोसआधी मी काय करते आणि का करते, ते इथे सांगते.

आधी भीतीचे उत्तर. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे युलारने, लस घेतलेल्या रुग्णांची नोंदवही ठेवली. तिच्यातल्या ५,१२१ जणांपैकी बहुतेकांना आमवातासारखे दाहक संधिविकार होते. अशा रुग्णांपैकी ४.४ टक्क्यांचे दुखणे लसीनंतर उफाळले आणि ०.६ टक्क्यांचे तीव्र स्वरूपात. म्हणजे सांधे उसळू शकतात, पण शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचे तसे नोंदले गेले नाही. दुसरे म्हणजे, वापरल्या गेलेल्या कोरोनाच्या प्रमुख लसींत शरीरात वाढणारा जिवंत विषाणू नसतो. एमआरएनए असो, निष्क्रिय विषाणूची असो, प्रथिनाची असो की ॲडेनोव्हायरसवर बेतलेली असो, आपली प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली असली तरी लसीतून कोरोना होत नाही. गोवर किंवा पीतज्वराच्या लसीचे तसे नाही. त्या जिवंत असतात, म्हणून त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

माझ्या मते आपल्यासारख्यांनी जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची करायला हवी: लस अंगी लागेल का? सांध्यांवरचा हल्ला थोपवणारी औषधे लसीला मिळणारा प्रतिसादही थोपवतात. सगळी सारखी नाहीत, म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी आपण नक्की काय घेतो ते कागदावर लिहा. औषधाचे नाव, मात्रा, आठवड्यातला वार, इंजेक्शन असेल तर मागची आणि पुढची तारीख, सगळे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी काही बदलावे लागत नाही. मेथोट्रेक्सेटचे मात्र बोलून घ्या. ब्रिटनमध्ये 'व्रूम' नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. बूस्टरनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवणाऱ्यांमध्ये प्रतिपिंडांचे (अँटीबॉडीजचे) प्रमाण, ते चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट भरले. त्याची किंमतही होती, थांबवणाऱ्यांपैकी जास्त जणांचे दुखणे मधल्या आठवड्यांत वाढले. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीनेही कोरोना लसीच्या मार्गदर्शनात आजार परवानगी देत असेल तर डोसनंतर एक ते दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवण्याचा पर्याय सुचवला होता. यातला 'आजार परवानगी देत असेल तर' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. माझे सांधे शांत असतात तेव्हा डॉक्टर मला रविवारची गोळी सोडायला सांगतात, आणि मी लस शनिवारी घेते म्हणजे लगेचची रविवारची गोळी आपोआप गळते. कुणाचे गुडघे आताच सुजलेले असतील, तर त्यांना डॉक्टर गोळी चालू ठेवायला सांगतील आणि तेही बरोबर असेल. मेथोट्रेक्सेट चालू असताना घेतलेली लस वाया जात नाही.

टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब अशा आमवातावरच्या गोळ्यांबद्दलही हाच प्रश्न विचारा. प्रेडनिसोलोन मात्र लसीसाठी म्हणून कधीही अचानक बंद करू नका. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेल्या शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलची, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइडची, निर्मिती मंदावलेली असते आणि एकदम थांबवले तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. कुणीतरी सांगितले म्हणून 'लसीच्या आठवड्यात सगळ्या गोळ्या बंद' करणारी माणसे भेटली की मला खरोखर भीती वाटते.

रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी फोन उचलावा. आमवातावरचे हे औषध बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी काढून टाकते, आणि प्रतिपिंडे तयार होतात त्याच पेशींच्या वंशातून. सलाइनमधून डोस घेतल्यावर लगोलग लस घेतली तर प्रतिपिंडे जवळजवळ तयारच होत नाहीत असे अनेकांत दिसले. टी पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचा, प्रतिसाद तेवढा बऱ्यापैकी टिकतो. म्हणून रिटुक्सिमॅबचा पुढचा डोस जवळ आला असेल तर त्याच्या दोन ते चार आठवडे आधी लस उरकून घेणे सोयीचे पडते. पण कोरोनाने गंभीर आजारी पडण्याचा धोकाही याच औषधावर जास्त आढळला आहे. त्यामुळे 'योग्य वेळ येईल तेव्हा बघू' म्हणत महिनोन्‌महिने थांबणे परवडत नाही. तारीख डॉक्टरांबरोबर बसूनच ठरवा.

लसीच्या आदल्या दिवसापासून, सांधे झेपू देत असतील तर, वेदनाशामक गोळी टाळा. लस टोचून झाल्यावर ताप किंवा अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल खुशाल घ्या. खांदा धरलेला असेल तर दुसऱ्या दंडात सुई मागा, आणि हात वर करून बाही सारावी लागणार नाही असे सैल कपडे घाला. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा पूर्वी कशाची जोरदार ॲलर्जी झाली असेल तर सुई घेण्याआधीच नर्सला सांगा. टोचल्यावर १५ मिनिटे तिथेच बसा, गंभीर ॲलर्जीचा इतिहास असेल तर ३० मिनिटे.

आणखी एक काम आदल्या दिवशीच करून ठेवा, मी ते कधीच चुकवत नाही. सकाळी उठल्यावर ताठरपणा किती वेळ राहिला, कोणते सांधे सुजले आहेत, मूठ पूर्ण वळते का, हे वहीत टिपा. लसीनंतर अंग मोडून येते, दंड दुखतो, कणकण वाटते, सगळे सांधे ठणकल्यासारखे होतात. बहुधा हे एकदोन दिवसांत ओसरते. आमवात उफाळला असेल तर चित्र वेगळे असते: ठराविक सांधे गरम आणि सुजलेले, सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त, आणि दिवसागणिक उतार नाही. आदल्या दिवसाची नोंद शेजारी असली की फरक चटकन कळतो आणि डॉक्टरांनाही फोनवर नेमके सांगता येते. नोंद नसेल तर घाबरलेले मन प्रत्येक ठणक्याला लसीच्या खात्यात टाकते.

काखेत गाठ आल्यासारखी वाटली तर ती बहुधा लसीने जागी झालेली लसिकाग्रंथी असते. काही आठवड्यांत बसली नाही तर दाखवा. ताप दोन दिवसांपुढे गेला तर मात्र 'लसीचाच असेल' म्हणून अंगावर काढू नका, कारण आपल्या औषधांवर जंतुसंसर्ग दबक्या पावलांनी येतो. छातीत दुखणे, धाप, धडधड, न थांबणारी तीव्र डोकेदुखी, एका पायाला सूज, यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठा. लसीचे गंभीर परिणाम अतिशय विरळ आहेत, पण ओळखता आले तर उपचार वेळेवर होतात.

घरातल्या माणसांनाही लस घ्यायला लावा, कारण आपली लस थोडी कमी लागली तरी घरात विषाणू येण्याची शक्यता तेवढी घटते. आणि लस घेऊनही खोकला-ताप आला तर त्याच दिवशी चाचणी करा. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिरसारखे विषाणूरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावे लागते, आणि त्यातल्या रिटोनाव्हिरमुळे टोफासिटिनिबसारख्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते. त्या वेळी मेथोट्रेक्सेट थांबवायचे का, हेही डॉक्टरांना तातडीने ठरवावे लागते. म्हणून वर सांगितलेला गोळ्यांचा कागद पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या एका माणसाच्या फोनमध्येही असू द्या.