फ्लाइंग शिकायला लागलात? आधी टाकीतलं इंधन तासात मोजायला शिका

नवीन मुलांचं सगळं लक्ष लँडिंगवर असतं, आणि ठणठणीत इंजिन निव्वळ टाकी कोरडी पडली म्हणून बंद होतं हे त्यांना पटतच नाही. अमेरिकेतल्या एनटीएसबीने (वाहतूक अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) २०११ ते २०१५ मधल्या छोट्या विमानांच्या अपघातांचा हिशोब मांडला तर इंधनाच्या गडबडीमुळे वर्षाला सरासरी ५० हून जास्त निघाले, त्यातल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी इंधन चक्क संपलेलं. बाकी बऱ्याच ठिकाणी ते विमानात होतं पण इंजिनपर्यंत पोचलंच नाही, उदाहरणार्थ सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी कळ, रिकाम्या टाकीवर राहिलेला.

इंधनाच्या गेजवर (काट्यावर) विसंबू नका. टाकीची कॅप उघडा, डिपस्टिक (खुणा असलेली मोजपट्टी) घाला आणि ओली खूण लगेच वाचा, एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) भराभर उडून जातं. स्टिक त्याच विमानाची हवी बरं का, कारण एकाच मॉडेलमध्ये छोट्या-मोठ्या टाक्या येतात आणि दुसऱ्याची स्टिक घातली की आकडा साफ चुकतो. विमान उतारावर उभं असेल तरी चुकतो. कॅप परत घट्ट बसवा, सैल राहिली तर उडताना इंधन बाहेर ओढलं जातं.

मग लिटरचे तास करा. सेसना १७२ एस मध्ये वापरता येणारं इंधन साधारण २०० लिटर, क्रूझला (वर सरळ एका उंचीवर उडताना) तासाला ३२-३५ लिटर जातं, म्हणजे कागदावर जवळपास सहा तास दिसतात, पण तो आकडा मिक्श्चर नीट लीन केलं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी केलं, तरचा आहे, आणि टॅक्सी (जमिनीवर विमान चालवणं) नि क्लाइंबचं (वर चढण्याचं) वेगळं धरायचं. वाऱ्याचंही बघा, १०० नॉट्सच्या (तासाला १०० नॉटिकल मैल) विमानाला ३०० नॉटिकल मैल म्हणजे तीन तास, समोरून २५ नॉट्सचा वारा असेल तर तेच चार.

अमेरिकेच्या नियमात व्हीएफआरला (बाहेर डोळ्यांनी बघत उडताना) दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचा रिझर्व्ह, म्हणजे राखीव इंधन, पुरतो, मला तो कमी वाटतो, मी पूर्ण एक तास ठेवतो आणि तुम्हीही ठेवा. टेकऑफआधीच घड्याळातली वेळ लिहून काढा, एवढ्या वाजता चाकं जमिनीवर म्हणजे जमिनीवर, कारण वर गेल्यावर 'आता वीस मिनिटांचंच तर राहिलंय' असं वाटून माणूस जवळचं एअरफील्ड सोडून पुढे जातो, बहुतेक घोळ इथेच होतो.

आणि उतरल्यावर टाकी परत फुल करताना किती लिटर गेले त्याला फ्लाइटच्या वेळेने भागा. काही फ्लाइट्सनंतर त्या विमानाचं खरं ॲव्हरेज कळतं, मॅन्युअलपेक्षा जास्त पित असेल तर पुढच्या प्लॅनिंगला तोच आकडा धरा.