संदर्भसूचीसाठी तीन फोटो

प्रकल्प लिहून होतो, शेवटच्या रात्री संदर्भसूची लिहायला बसावं तर पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं. मग मुलं ‘संदर्भ : गुगल’ लिहून मोकळी होतात. गुगल फक्त शोधून देतं, मजकूर त्याचा नसतो.

माझ्या मुलीच्या अकरावीच्या पर्यावरण प्रकल्पात हे करून पाहिलं आणि शेवटची धावपळ वाचली :

१. पुस्तक हातात आलं की टिपणं काढण्याआधी मोबाइलवर तीन फोटो : शीर्षकाचं पान, त्याच्यामागचं प्रकाशक-आवृत्ती-वर्षाचं पान आणि ज्या पानावरून माहिती घेतली ते पान, खालचा पृष्ठ क्रमांक दिसेल असं.

२. वहीतल्या टिपणाशेजारी लगेच लेखकाचं आडनाव आणि पृष्ठ क्रमांक लिहा. वाक्य जसंच्या तसं उतरवलं असेल तर तेव्हाच अवतरणचिन्हं घाला. आठवड्याने आपलं कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं, हे खरंच ओळखता येत नाही.

३. संकेतस्थळ असेल तर पानाचं शीर्षक, पूर्ण पत्ता आणि पाहिल्याची तारीख.

मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली बहुधा लेखकाचं नाव असतं. मुलं ते हमखास सोडतात, तेही घ्या. विकिपीडियावर मात्र थांबू नका, तळाशी दिलेले मूळ संदर्भ उघडून वाचा आणि वाचलेलेच लिहा.

एक जपा : ‘दुसरी आवृत्ती’ आणि ‘दुसरं पुनर्मुद्रण’ (तोच मजकूर पुन्हा छापलेला) एक नव्हे. वर्ष लिहायचं ते हातातल्या आवृत्तीचं.