गाडी खड्ड्यात टक्-टक् वाजतेय? शॉकअप बदलण्याआधी हे तपासा

पाऊस ओसरला की कोल्हापुरातल्या बऱ्याच गाड्या वाजायला लागतात. चार महिने पाण्याखाली दडलेले खड्डे, गगनबावड्याचा नाहीतर आंब्याचा घाट, आणि पाठोपाठ उसाचा हंगाम. ट्रॉलीला वाट द्यायला डांबराची कड सोडून गाडी खाली उतरवावीच लागते. मग गॅरेजला नेली की पहिला निकाल ठरलेला: 'शॉकअप गेलेत.' कधी ते खरंही असतं. पण शॉकअप महाग, आणि वाजत असते बऱ्याचदा त्याच्या शेजारची बोटभर जाडीची लिंक रॉड, जिची किंमत शॉकअपच्या जोडीपुढे किरकोळ. आवाज नेमका कधी येतो हे आधी पकडा, मग कोणत्या कोपऱ्यातून, आणि शेवटी कोणता पार्ट. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि आवाज राहतो.

आधी डिकी रिकामी करा

हसू नका. सैल जॅक, पाना, नीट न आवळलेली स्टेपनी, मागचा पार्सल ट्रे हे सगळं हुबेहूब सस्पेन्शनसारखं वाजतं. ते बाहेर काढून एक फेरी मारा.

मग हवा. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचा आकडा असतो. टायर थंड असताना तेवढीच भरा. स्टिकरवर 33 असताना पंपावर 40 भरून घेतली, तर छोटा दगडही थेट पाठीत जाणवतो आणि सस्पेन्शनवर उगाच आळ येतो.

आवाज कधी येतो?

गल्लीतला ओबडधोबड तुकडा निवडा. एसी, गाणी बंद, काचा खाली, वेग ताशी 15 ते 20. एकाला मागच्या सीटवर बसवा, कारण चालकाला मागचा आवाजही पुढून आल्यासारखा वाटतो.

छोट्या-छोट्या खड्ड्यांवर, कमी वेगात कोरडं टक्-टक् होत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर. तिच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. त्यांचं रबर फाटलं की आत पाणी आणि माती जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि जॉइंट वाजू लागतो.

याच तुकड्यावर एक युक्ती करून बघा: ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून गाडी न्या. आवाज थांबला तर बहुधा खडखडतोय ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) किंवा पॅड. लगेच सस्पेन्शन खोलायची गरज नाही.

ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पुढे जाताना एकदाच 'धप्' होत असेल तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, बुश (रबरी सांधा) बघा. चालण्याच्या वेगाने पुढे, ब्रेक, मागे, ब्रेक असं तीन-चारदा केलं की तो स्पष्ट कळतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि 'कर्रर्र' होऊन स्प्रिंग उसळल्यासारखी वाटली, तर स्ट्रटचं (स्प्रिंगसकट शॉकअपचं) वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कट-कट-कट येत असेल तर दोष अॅक्सलच्या सीव्ही जॉइंटचा, तो सस्पेन्शनमध्ये मोडत नाही.

वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ अशी घरघर चाकाच्या बेअरिंगची. उजव्या वळणावर ती वाढली तर बहुधा डावं बेअरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

आणि शॉकअप? तो खराब झाला की आवाजापेक्षा चाल आधी बिघडते. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलते, ब्रेक मारला की नाक खाली जातं, घाटातल्या वळणावर एका अंगाला जास्त झुकते. मोठ्या खड्ड्यात खोल 'धाड्' होत असेल तर गाडी बम्प स्टॉपवर, म्हणजे शॉकअप पूर्ण दबल्यावर लागणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटतेय.

हाताने तपासणी

सपाट, पक्की जागा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. आधाराला विटा किंवा चिरेही चालणार नाहीत, ते भाराखाली अचानक फुटतात. योग्य क्षमतेचा स्टँडच हवा.

1. चारही कोपरे एकेक करून जोरात खाली दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन फार तर एकदा हलून थांबली पाहिजे. दोनहून जास्त वेळा हलली तर शॉकअप ढिला. मात्र या परीक्षेत पास झालेला शॉकअपही ताशी 80 च्या वेगात कमी पडू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

2. शॉकअपच्या अंगावर बॅटरी मारून बघा. वरच्या भागात तेलाची पुसट ओल चालते. तेल आणि धूळ मिळून चिखलाचा थर झाला असेल किंवा ओघळ खालपर्यंत आला असेल, तर सील गेलंय.

3. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डाव्या-उजव्यात 1 ते 1.5 सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा मोडलीय. मोड बहुतेक अगदी खालच्या वेटोळ्याला असते, मातीखाली लपलेली, म्हणून धुऊन बघा.

4. दोन्ही पुढची चाकं जमिनीवर असतानाच स्टिअरिंग एका बाजूला वळवा आणि हात घालून लिंक रॉड हलवा. हाताला खटका लागला तर ती गेली. एकच चाक उचलून हे करू नका. त्या वेळी अँटी-रोल बार (लिंक जिला जोडलेली असते ती, वळणावर गाडी झुकू न देणारी आडवी दांडी) पिळलेला असतो, लिंक ताणात राहते आणि खराब असूनही घट्ट वाटते.

5. आता चाक उचला, गाडी स्टँडवर घ्या. घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी टायर धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ बंद झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. मग 3 आणि 9 वर धरा. फक्त तिथेच खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणारे सांधे.

टायरवरून हात फिरवायला विसरू नका. रबरावर ठरावीक अंतरावर वाटीसारखे खोलगट चट्टे असतील तर शॉकअप चाकाला रस्त्यावर दाबून ठेवत नाहीये. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट. दोन्ही कडा झिजल्या असतील तर बहुधा कमी हवा.

मागे पाटे असलेल्या गाड्यांत, म्हणजे बोलेरोसारख्या, मोडलेलं पान, पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सैल आहेत का ते आणि शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या पट्टीचे) बुश तेवढे बघा.

काम करून घेताना

लिंक रॉड घरी बदलता येते, हाताला सवय असेल तर. स्ट्रट मात्र घरी खोलू नका. स्प्रिंग दाबलेली असते आणि स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सोडला तर ती तोंडावर येते.

शॉकअप पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, असे जोडीनेच बदला. त्यांच्याबरोबर बम्प स्टॉप आणि डस्ट बूट (दांड्यावरचं रबरी आवरण) नवे घाला. कुजलेला जुना बूट परत बसवला की धूळ दांड्यावर बसते आणि नवं सील खाते. दांडा पक्कडीत धरलेला दिसला तर लगेच थांबवा. क्रोमवरचा एक ओरखडा सील कापायला पुरतो. तेल भरून 'रिपेअर' केलेल्या शॉकअपच्या नादी लागू नये. गॅस भरलेल्या शॉकअपमधला मूळ दाब त्यात क्वचितच परत मिळतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर कोंबून गाडी उंच करून देणारेही भेटतील. त्याने स्प्रिंगची हालचाल अडते, मूळ दोष झाकला जातो.

लोअर आर्मचा बुश सुटा मिळत असेल तर अख्खा आर्म घेण्याची गरज नाही. उद्यमनगरात प्रेसवर जुना काढून नवा बसवून घेता येतो. मात्र बॉल जॉइंटही ढिला असेल तर पूर्ण आर्मच परवडतो. इथे एक चूक सर्रास होते: गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी फक्त बसवायचे आणि गाडीचा भार चाकांवर आल्यावर, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचे. मेकॅनिकला हे स्पष्ट सांगा, रागावला तरी चालेल.

स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड हलवला की अलाइनमेंट आलंच. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा फक्त टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) जुळवता येतो, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) नाही. त्यामुळे दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर काहीतरी वाकलंय, आणि ते मशीनवर सुटणार नाही.

पुरात उभी राहिलेली गाडी

2019 आणि 2021 सारख्या पुरात गाडी चाकाच्या मध्यापर्यंत बुडाली, तर तेव्हा काही जाणवत नाही. बेअरिंगमध्ये शिरलेलं पाणी गंज धरवतं आणि घरघर काही आठवड्यांनी सुरू होते. गाडी बाहेर काढल्यावर खालून स्वच्छ पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशरचा झोत रबरी बूटांवर जवळून मारू नका. फाटलेला प्रत्येक बूट तेव्हाच बदला. महिन्याभराने 12-6 ची तपासणी परत करा.

कधी गाडी हलवायचीच नाही

बॉल जॉइंटमध्ये डोळ्यांना दिसेल इतका खेळ, मोडून टायरला टेकू पाहणारी स्प्रिंग, किंवा मोठ्या खड्ड्यानंतर सरळ रस्त्यावर अचानक तिरकं झालेलं स्टिअरिंग. बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेर कलंडतं आणि गाडी वळेनाशी होते. अशा वेळी 'गॅरेज जवळच आहे' म्हणून चालवत नेऊ नका, टो करून न्या.