तालमीचा आणि तिच्या फुटबॉल संघाचा इतिहास कसा लिहावा

कोल्हापुरात तालमीची स्मरणिका निघते ती बहुतेक वेळा सुवर्णमहोत्सव तोंडावर आल्यावर, घाईघाईत. निम्मी पानं जाहिरातींची, उरलेल्यांत मान्यवरांचे शुभसंदेश आणि इतिहासाला दोन पानं. त्या दोन पानांत जे साल छापलं जातं तेच पुढच्या स्मरणिकेत उतरतं. खरा इतिहास लिहायचा असेल तर किमान एक वर्ष हाताशी ठेवा. सुरुवात लेखनानं करू नका, तक्त्यानं करा.

मोठ्या वहीत किंवा संगणकावर एका वर्षाला एक ओळ आखा. रकाने असे: हंगाम, स्पर्धा, गट, प्रतिस्पर्धी, निकाल, कर्णधार, त्या वर्षीचे पदाधिकारी, इतर खेळ (कुस्ती, कबड्डी, मर्दानी खेळ, मल्लखांब) आणि शेवटी ‘हे कुठून कळलं’. हा शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. बाकीचे रकाने रिकामे राहिले तरी चालतील, उलट नेमकं काय शोधायचं ते त्यावरूनच कळतं. साल लिहिताना ‘१९७८’ असं एकटं लिहू नये. आपला फुटबॉल हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपतो, म्हणून ‘१९७८-७९’. नाही तर एकच विजेतेपद दोन वर्षांत दोनदा मोजलं जातं. जुन्या यशाच्या फलकांवर ही चूक हमखास सापडते.

स्थापनेचं साल

भांडण इथंच होतं, कारण एका नावाखाली तीन जन्म असतात. आधी तालीम, म्हणजे तांबड्या मातीचा हौद आणि मारुती. मग वर्गणी, पावती पुस्तक आणि कार्यकारिणी असलेलं मंडळ. आणि मग फुटबॉल संघ. तिन्ही सालं वेगळी असू शकतात, बहुधा असतातच. तिन्ही स्वतंत्र लिहा, एकाच सालात कोंबू नका.

नोंदणीचं साल म्हणजे स्थापनेचं साल नव्हे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० सालचा आहे. त्यामुळं त्या कायद्याखालची नोंदणी १९५० च्या आधीची असूच शकत नाही, तालीम कितीही जुनी असो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन परिशिष्ट एकच्या उताऱ्याची नक्कल मागा. सोसायटी म्हणूनही नोंदलेल्या संस्थेचा क्रमांक ‘एफ’ नं सुरू होतो. त्याच फायलीतले बदल अर्ज काळजीपूर्वक वाचा. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत कळवावं लागतं, म्हणून पदाधिकाऱ्यांची नावं तारखेसह तिथं मिळतात. मात्र पंधरा-पंधरा वर्षं बदल अर्जच न दिलेली मंडळं आहेत. फायलीत खंड दिसला म्हणजे मंडळ बंद होतं असं समजू नका. इमारतीच्या जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका पाहा. जागा कुणाच्या नावावर होती आणि तालमीकडं कधी आली, हे तिच्यावर असतं.

‘शाहू महाराजांनी तालीम बांधून दिली’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पेठेत ऐकू येतं. महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२. कुस्तीला त्यांचा आश्रय होता आणि खासबाग मैदान त्यांच्याच काळातलं, यात वाद नाही. पण तुमच्या तालमीबद्दल तसं लिहायचं तर कागद हवा. कोल्हापूर पुराभिलेखागारात संस्थानी दप्तर आहे आणि त्यातलं पुष्कळ मोडीत आहे, तेव्हा मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. तारखा फसली सनात (जूनमध्ये सुरू होणारं जुनं महसुली वर्ष) असल्या तर जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९० मिळवा आणि जानेवारीपासून पुढं ५९१. फसली १३३० म्हणजे १९२०-२१. शकात ७८ मिळवावे, वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत ७९. कागद सापडला नाही तर ‘असं सांगतात’ एवढंच लिहावं. त्यानं तालमीची किंमत कमी होत नाही.

तारीख नसलेला कागद

पावतीवर आणे-पै असतील तर ती साधारण १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. पण छापील पावती पुस्तकं संपेपर्यंत वापरली जात, म्हणून एक-दोन वर्षं इकडंतिकडं धरा. लेटरहेडवर ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर ते १ मे १९६० नंतरचं. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. कोल्हापूरचा ‘महापौर’ १९७२ पूर्वीच्या कागदावर येऊ शकत नाही, तेव्हा नगरपालिका होती आणि नगराध्यक्ष होते. कुणी १९६८ सालच्या महापौर चषकाची आठवण सांगत असेल तर साल चुकलंय किंवा चषक. कुस्तीतही तीच कसोटी लावा. हिंद केसरी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून (श्रीपती खंचनाळे यांची गदा १९५९ ची) आणि महाराष्ट्र केसरी १९६१ पासून. त्याआधीची ‘केसरी’ पदवी सापडली तर ती कुठल्या मैदानातली हे शोधा.

निकालांची भाषाही काळ सांगते. टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतरचे पेनल्टी फटके, खेळाच्या नियमांत १९७० साली आला. त्याआधी बरोबरी झाली की सामना पुन्हा खेळवणं किंवा नाणेफेक. म्हणून जुन्या कात्रणात एकाच अंतिम सामन्याचे दोन-तीन निकाल दिसले तर ती छपाईची चूक नसावी, पुनर्सामने असावेत. टायब्रेकरचे गोल सामन्याच्या गोलांत मिळवू नका. १-१ (४-३) असंच लिहा, नाही तर खेळाडूंच्या गोलांची बेरीज फुगते. विजयाला तीन गुण ही पद्धत विश्वचषकात १९९४ ला आली, म्हणून जुना गुणतक्ता आधी दोन गुणांच्या हिशोबानं तपासा.

वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींसाठी करवीर नगर वाचन मंदिर (स्थापना १८५०) आणि शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय इथं चौकशी करा. ‘पुढारी’ आणि ‘सत्यवादी’ दोन्ही बघा. एकात गोल करणाऱ्याचं नाव असतं, दुसऱ्यात नसतं. केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगच्या नोंदींसाठी लेखी अर्ज द्या. अर्जात संघाचं पूर्ण नाव आणि ‘अ’ की ‘ब’ हे स्पष्ट लिहा. एकाच तालमीचे दोन संघ खेळले की बातम्यांत अक्षर गाळलं जातं आणि ‘ब’ संघाचा पराभव ‘अ’ संघाच्या नावावर जातो. घरात जपलेल्या कात्रणावर तारीख नसेल तर ते उलटून मागची बाजू वाचा. सिनेमाची जाहिरात, बाजारभाव किंवा निधन वार्ता यावरून तारीख काढता येते.

फोटो

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत भिजलेल्या घरांतले कित्येक फोटो असेच आहेत. काचेसकटच, खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश न लावता टिपा. सुटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कागदपत्रांना ३०० पुरतात. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, दाखवायला जेपीजी. मूळ फोटोला लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. ओली वही उन्हात ठेवली तर पानं आकसतात. पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून सुकवा आणि कागद बदलत राहा.

फोटोतली नावं फोटोवर लिहू नयेत. वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा, क्रमांक द्या आणि ‘उभे डावीकडून’, ‘बसलेले’ अशी यादी करा. खेळाडू अनवाणी दिसले की लगेच गरिबीबद्दल लिहायला बसू नका. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू बुटाविना खेळले होते, तो त्या काळचा रिवाजच होता.

जुने खेळाडू

पहिली बैठक कट्ट्यावर सगळ्यांची एकत्र घ्या, कारण एकाची आठवण दुसऱ्याला सुचते. दुसरी मात्र प्रत्येकाच्या घरी, एकेकट्याची. एकत्र बसलं की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. ‘तुमच्या वेळचा फुटबॉल कसा होता’ असं विचारलं तर भाषण मिळतं. ‘तुम्ही राईट आऊट की राईट इन, तुमच्या मागे हाफला कोण, सराव कुठल्या मैदानावर, चेंडू कुणाकडं असायचा’ असं विचारलं तर माहिती मिळते. जुन्या मांडणीत दोन फुल बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड असत. अकरा जागा कागदावर काढून समोर ठेवा आणि नावं त्यांनाच भरू द्या. कुणी वरुणतीर्थावर खेळल्याचं सांगितलं तर ते आजचं गांधी मैदान, तक्त्यात दोन्ही नावं नोंदवा.

टोपणनावं सोडू नका. पेठेत माणूस ज्या नावानं ओळखला जातो ते वर्तमानपत्रात नसतं आणि वर्तमानपत्रातलं पेठेला माहीत नसतं. एकाच आडनावाचे चार भाऊबंद एका संघात असतील तर वडिलांचं नाव लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. खेळाडूनं तालीम बदलली असेल तर कुठल्या हंगामात, हे त्याच्याकडून आणि दुसऱ्या तालमीकडूनही विचारा. चांगल्या खेळाडूवर दोन्हीकडं हक्क सांगितला जातो. मारामाऱ्या आणि बंद पडलेले सामने यांबद्दल छापील बातमीत जेवढं आहे तेवढंच लिहा, ऐकीव आरोप नाव घेऊन छापू नका.

छपाई

तक्ता भरत आल्यावरच लेखनाला बसा. पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवा, नाही तर फर्म्याची (एका तावावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाची) कोरी पानं जाहिरातींनी भरण्याची वेळ येते. सांघिक फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय भरतो का ते आधी बघा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो छपाईत फुटतो. मुद्रित तीन जणांकडून वाचून घ्या, त्यातला एक वेगळ्या तालमीचा असावा. नावांच्या चुका त्यालाच दिसतात. पहिल्या आवृत्तीच्या शेवटी एक पान कोरं सोडून ‘दुरुस्त्या कळवाव्यात’ असं छापा आणि आलेल्या दुरुस्त्या मूळ तक्त्यात ‘कुठून कळलं’ या रकान्यासह भरा. दोन प्रती करवीर नगर वाचन मंदिरात द्या, मूळ स्कॅन तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा, आणि त्यातलं एक घर तरी पूररेषेच्या वर असावं.